तो फोटो हललेला नाही, तसाच काढलेला आहे

मा. संपादक,
स.न.वि.वि.

मागच्या रविवारच्या पुरवणीत तुम्ही स्वर्गीय नर्तक ह्या पक्ष्याचा मोठा फोटो छापलात, पांढरा नर, संध्याकाळी पाण्यावरून झेपावताना, डोकं आणि डोळा एकदम लख्ख आणि पंख आणि शेपटीच्या त्या दोन लांब फिती मात्र अस्पष्ट, मागे ओढल्या गेलेल्या. मला तो इतका आवडला की ते पान मी काढून ठेवलंय. मग बुधवारी वाचकांच्या पत्रांमध्ये त्याच्यावर दोन पत्रं आली. एकांचं म्हणणं की छपाईच्या वेळी रंगांच्या प्लेट सरकल्या आणि चांगल्या फोटोची वाट लागली, आणि दुसऱ्यांनी तर सरळच लिहिलंय की हा एआयने बनवलेला फोटो आहे आणि पेपरने वाचकांना फसवलं. दोन्ही खरं नाही म्हणून हे पत्र लिहितेय, थोडं लांब होईल पण शक्य झालं तर पूर्ण छापा, कारण ह्यात शेवटी जे म्हणायचंय ते आधीचं समजल्याशिवाय पटणार नाही.

फोटो काढणाऱ्यांना मी ओळखत नाही. पण मी स्वतः बरीच वर्षं पक्ष्यांचे फोटो काढतेय आणि मंद शटर अधिक फ्लॅश हा माझा सगळ्यात आवडता प्रकार आहे, त्यामुळे तो कसा काढला असणार ते बघितल्याबरोबर कळतं.

साध्या भाषेत सांगायचं तर त्या एका फोटोत दोन फोटो आहेत. शटर बराच वेळ उघडा ठेवायचा, समजा १/१५ सेकंद. पक्ष्याच्या हिशेबात हा खूप मोठा वेळ झाला, चिमणीएवढा पक्षी सेकंदाला साधारण १२ ते १५ वेळा पंख मारतो, म्हणजे तेवढ्यात त्याची जवळपास एक अख्खी फडफड होऊन जाते. आजूबाजूला जो काही उजेड आहे त्यात तो हलणारा पंख तेवढा वेळ सेन्सरवर उमटत राहतो, हा झाला ब्लर. आणि त्याच वेळात एकदाच फ्लॅश उडतो. आपल्याला वाटतं चांगला झगमगाट झाला, पण नेहमीचा कॅमेऱ्यावर लावायचा फ्लॅश १/१६ ताकदीवर ठेवला तर तो झोत १/१०,००० सेकंदाच्या आसपास संपलेला असतो, आणि पूर्ण ताकदीवर उडवला तर तोच १/१,००० सेकंद किंवा त्याहून जास्त वेळ घेतो. अंधाऱ्या खोलीत पंखा चालू असताना बाहेर वीज चमकली की पाती क्षणभर जागच्या जागी थांबलेली दिसतात ना, अगदी तेच इथे होतं. डोकं, डोळा, चोच त्या झोतात गोठतात आणि पंखांची हालचाल आधीच्या उजेडात उमटलेली असते. दोन्ही एकाच फ्रेममध्ये, एकाच क्लिकमध्ये, कॉम्प्युटरचा काहीही संबंध नाही.

ह्यात फ्लॅश नेमका कधी उडतो त्यालाही महत्त्व आहे. कॅमेऱ्यात काहीच बदललं नसेल तर तो शटर उघडल्या उघडल्या उडतो, म्हणजे पक्षी आधी गोठतो आणि नंतर पुढे जातो, मग ब्लर त्याच्या चोचीच्या पुढे येतो आणि पक्षी उलटा उडतोय असं वाटतं. म्हणून रिअर कर्टन सिंक लावायचं, काही कॅमेऱ्यांत त्यालाच सेकंड कर्टन म्हणतात, त्यात फ्लॅश शटर बंद व्हायच्या जरा आधी उडतो आणि सगळा ब्लर पक्ष्याच्या मागे राहतो. फुलासमोर एका जागी फडफडणाऱ्या शिंजिराला ह्याने फारसा फरक पडत नाही कारण पंख वर-खाली दोन्हीकडे जातच असतात, पण तुमच्या फोटोतला नर्तक डावीकडून उजवीकडे चाललाय आणि शेपटीच्या फिती बरोब्बर डावीकडे पसरल्यात, तिथे हे लावल्याशिवाय तो परिणाम येत नाही. अजून एक बारकावा, फ्लॅश ऑटोवर म्हणजे टीटीएलवर ठेवला तर तो मुख्य झोताच्या आधी मोजमापासाठी एक छोटा झोत टाकतो, आपल्याला तो वेगळा जाणवतही नाही पण पक्ष्याला जाणवतो, आणि शटर मंद असला की छोटा आणि मोठा झोत ह्यांच्यात बऱ्यापैकी वेळ जातो तेवढ्यात पक्षी दचकून वळलेला असतो. म्हणून जाणकार मंडळी फ्लॅश मॅन्युअलवरच ठेवतात. आणि हाय स्पीड सिंक बंद! ते खूप वेगवान शटरसाठी, म्हणजे ह्याच्या अगदी उलट कामासाठी आहे, तरी नवीन लोक सवयीने चालू ठेवतात आणि मग ब्लर का येत नाही म्हणून विचारतात.

मागची बाजू काळोखी लागते हे वेगळं सांगायला हवं. मोकळ्या आकाशासमोर उडणारा पक्षी घेतला तर आकाशाचा उजेड त्या १/१५ सेकंदात पंखांच्या जागेवरही पडतो आणि पंख खाऊन टाकतो, कडा विरघळतात, गोठलेल्या भागावरही आकाश चढतं. गर्द झाडी, सावली, ओल्या मातीचा काठ असं मागे असेल आणि आजूबाजूचा उजेड एक-दीड स्टॉप (एक स्टॉप कमी म्हणजे उजेड निम्मा) कमी धरला असेल तरच हे जमतं. पांढरा नर्तक आणि मागे काळपट झाडी ह्याच्याइतकी चांगली जोडी आपल्याकडे दुसरी नाही असं मला वाटतं, त्यात हा पक्षी उन्हाळ्यात संध्याकाळी पाण्यात बुड्या मारायला येतो, तेव्हा उजेडही मंदावलेला असतो.

आता बुधवारच्या पत्रांबद्दल. प्लेट सरकल्या असत्या तर डोळाही दुहेरी दिसला असता, आणि त्याच पानावरच्या बाकीच्या फोटोंच्या, रंगीत मथळ्यांच्या कडेला निळी-लाल किनार आली असती, पान परत उघडून बघा, तसं काही नाही. कॉम्प्युटरवर ब्लर टाकला तर तो बहुतेक वेळा एका सरळ दिशेत जातो, खरा पंख मात्र खांद्याभोवती फिरतो म्हणून खरा ब्लर कमानीत असतो, खांद्याजवळ कमी आणि टोकाला जास्त, आणि त्याच्यातून मागची झाडी दिसत राहते. तुमच्या फोटोत डाव्या पंखातून मागची फांदी दिसतेय. शिवाय डोळ्यात दोन चमका आहेत, एक वर, आकाशाची, पसरट, आणि एक बारीक टोकदार पांढरा ठिपका बाहुलीच्या जवळजवळ मध्यावर. तो ठिपका म्हणजे फ्लॅश. एवढं असूनही शंका असेलच तर फोटोग्राफरकडून मूळ रॉ फाइल (कॅमेऱ्यातून आलेली, काहीही न बदललेली) आणि तिच्या आधीच्या-नंतरच्या चार फ्रेम मागवायच्या, ह्या प्रकारात शेजारच्या फ्रेम बहुतेक फसलेल्या असतात आणि तोच चांगला पुरावा असतो.

हे सगळं करायचंच कशाला, सगळे करतात तसा १/२००० वर कडक फोटो का नाही, असंही बऱ्याच जणांना वाटतं. कडक फोटोंवर माझा काही राग नाही. अमेरिकेत एमआयटीमध्ये हॅरॉल्ड एजर्टन यांनी १९३० च्या दशकात स्ट्रोब फ्लॅश वापरून हमिंगबर्डचे पंख गोठवले तेव्हा ती केवढी मोठी गोष्ट होती, जे डोळ्याला कधी दिसणं शक्य नव्हतं ते लोकांनी पहिल्यांदा बघितलं. पण आज कोस्टा रिका, इक्वेडोरला टूरवर गेलं की तिथे साखरपाण्याच्या फीडरभोवती चार-पाच फ्लॅश आणि मागे छापील पडदा असा मांडलेला सेटच तयार मिळतो, आपल्याकडचेही कितीतरी लोक जाऊन आले, आणि सगळे एकसारखे फोटो घेऊन येतात, पंखाचं पीस न् पीस मोजता येतं आणि पक्षी उडतोय असं मात्र वाटत नाही. सेकंदाला ५० च्या आसपास पंख मारणारा पक्षी आहे तो! आपल्या डोळ्याला त्याचे पंख धूसरच दिसतात. पक्ष्यांची नजर आपल्यापेक्षा कितीतरी वेगवान असते, छोटे माशीमार पक्षी सेकंदाला शंभरावर लुकलुकणारा उजेड वेगवेगळा ओळखू शकतात, त्यामुळे त्यांना एकमेकांचे पंख कदाचित स्पष्ट दिसत असतील. पण माणसाने बघितलेलं उड्डाण हे ब्लरच आहे, आणि ज्या फोटोत डोळा स्थिर आणि पंख वाहते आहेत तो मला जास्त खरा वाटतो. माझ्या मते तुम्ही तो फोटो छापलात हे धाडस होतं आणि असे फोटो अजून यायला हवेत.

आणि आता ज्याच्यासाठी मी लिहायला बसले ते.

वर मी फ्लॅशच्या ताकदीचं सांगितलं, पण तो किती लांब पोचतो ते सांगितलं नाही आणि सगळी गोम तिथेच आहे. मंद शटर म्हणजे उजेड जास्त येणार, मग आयएसओ, म्हणजे कॅमेऱ्याची उजेडाची संवेदनशीलता, १०० वर आणा, ॲपर्चर, म्हणजे भिंगाचं तोंड, एफ/११ पर्यंत बंद करा, आणि ह्या दोन्ही गोष्टी फ्लॅशलाही तेवढ्याच मारतात. गाइड नंबर (फ्लॅश किती लांब पोचतो त्याचा आकडा) ६० चा फ्लॅश म्हणजे चांगला महागातला, तो पूर्ण ताकदीवर आयएसओ १०० आणि एफ/११ ला साडेपाच मीटरपर्यंतच पोचतो. पक्षी नीट गोठावा म्हणून ताकद १/१६ केली की ६० चा १५ होतो, म्हणजे दीड मीटरच्याही आत. सूर्य मावळल्यावर, दाट सावलीत, एफ/५.६ आणि आयएसओ २०० वर गेलात तरी १/८ ताकदीला पाच मीटरच्या थोडं पुढे. फ्लॅशच्या पुढे फ्रेनेल भिंग लावून झोत आवळता येतो, त्याने अंतर दुप्पट होतं असं धरा (आणि ते भिंग उन्हात लावून ठेवू नये, सूर्याचं ऊन त्यातून एकवटून फ्लॅशचंच प्लास्टिक वितळतं). म्हणजे कसंही केलं तरी पक्षी पाच-दहा मीटरवर हवा, आणि कुठल्या जागी येणार हे आधी माहीत हवं, कारण फ्लॅश आणि फोकस त्या जागेवर लावून बसायचंय.

जंगलातला पक्षी इतक्या जवळ, ठरलेल्या जागी, परत परत कधी येतो? पाण्यावर येतो, खायला ठेवलेल्या जागी येतो, आणि घरट्यावर येतो. पहिल्या दोन ठिकाणी कंटाळा आला, नको वाटलं, तर तो येणं बंद करू शकतो. घरट्यावर त्याला यावंच लागतं. म्हणून ज्याला झटपट असा फोटो हवाय तो घरटं शोधतो.

कोकणात तिबोटी खंड्याचं हेच चाललंय. हा एवढासा रंगीत पक्षी पावसाळ्याच्या तोंडावर येतो, ओढ्याकाठच्या नाहीतर रस्त्याकडेच्या मातीच्या भिंतीत बोगदा खणून अंडी घालतो, पिल्लांसाठी खेकडे, पाली, कोळी असं आणत राहतो, आणि प्रत्येक खेपेला बोगद्यात शिरायच्या आधी ठरलेल्या एका फांदीवर बसतो. ती फांदी आणि बोगद्याचं तोंड ह्याच्यामधली झेप म्हणजे ब्लरसाठी हवी तशी तयार जागा. मी डोळ्याने बघितलंय, भर पावसात प्लास्टिकच्या पिशव्या बांधलेले तीन-तीन फ्लॅश स्टँडवर, बोगद्यापासून हातभर अंतरावर, मध्ये येते म्हणून तोडलेली फांदी, आणि मागे ओळीने बसलेले लोक. पक्षी चोचीत पाल धरून समोरच्या झाडावर कितीतरी वेळ बसून राहिला, आत जाईना, आणि कोणीतरी कुजबुजत होतं की थांबा, येईलच, पिल्लं आत आहेत ना. कोण होते, कुठली टूर होती हे मी लिहिणार नाही, पण असे फोटो नंतर स्पर्धांना जातात, पेपरांना जातात, आणि खाली फक्त पक्ष्याचं नाव असतं.

वन्यजीव संरक्षण कायदा १९७२, कलम २(१६), ह्यात शिकार म्हणजे काय ते सांगितलंय, आणि त्यात वन्य पक्ष्यांची अंडी किंवा घरटी ह्यांना त्रास देणं हेसुद्धा येतं. फोटोग्राफर मंडळी हे वाचतच नाहीत की वाचून सोडून देतात कळत नाही. आणि कायदा बाजूला ठेवला तरी, ब्रिटनमधले एरिक हॉस्किंग, पक्ष्यांसाठी इलेक्ट्रॉनिक फ्लॅश वापरायला लागलेल्या पहिल्या काही लोकांपैकी एक, त्यांचा एक डोळा १९३७ साली घुबडाच्या घरट्याजवळ गेल्यावर घुबडाने केलेल्या हल्ल्यात गेला. पिल्लांसाठी पक्षी किती टोकाला जातो ते ह्यावरून समजावं. तिबोटी खंड्या हल्ला करू शकत नाही, तो झाडावर बसून राहतो आणि पिल्लं उपाशी राहतात.

रात्रीच्या पक्ष्यांचंही तसंच. दिवसा, ढगाळ उजेडात, कमी ताकदीचा फ्लॅश बुलबुल, दयाळ, साळुंक्या फारसा मनावर घेत नाहीत असं मी बघत आलेय, दोन-तीन झोतांनंतरही आंघोळ चालूच असते. पण रातवा, पिंगळा, गव्हाणी घुबड ह्यांच्या बाहुल्या रात्री पूर्ण उघड्या असतात, त्यात जवळून झोत मारला की ते दिपतात, आणि त्याच अवस्थेत उडावं लागलं तर फांद्या-तारा कशा दिसणार? अमेरिकेतल्या ऑड्युबॉन संस्थेच्या पक्षी-फोटोग्राफीच्या सूचनांमध्येही फ्लॅश जपून, शक्यतो नैसर्गिक उजेडाला जोड म्हणूनच वापरा असं आहे. आपल्याकडे रस्त्यावर बसलेल्या रातव्याचे जीपमधून काढलेले फोटो सर्रास दिसतात, डोळे पांढरेफटक पेटलेले. ते फोटो तर चांगलेही दिसत नाहीत हो.

गेटवेवरून मांडव्याला, घारापुरीला जाणाऱ्या लाँचमागे हिवाळ्यात कुरव येतात, तिथे अंतर अगदी योग्य मिळतं, पण लोक त्यांना वेफर्स आणि गाठिया टाकतात आणि फोटोग्राफरच त्यात पुढे असतात. ते खाणं त्यांचं नाही. लाँच चालली की तिच्या मागे पाणी ढवळून मासे वर येतात तेव्हाही कुरव येतातच, जरा वाट बघावी लागते एवढंच.

ज्यांना हे शिकायचंय त्यांना मी सांगते की घरीच करा. मी बदलापूरला राहते, मागच्या बाजूला गॅलरीखाली उथळ मातीचं भांडं पाण्याने भरून ठेवलेलं असतं, मागे करवंदाची जाळी आहे म्हणजे बॅकग्राउंड काळोखं, फ्लॅश कॅमेऱ्यापासून लांब बाजूला स्टँडवर, वायरलेस ट्रिगर, आणि मी खिडकीच्या आत. चिमण्या, बुलबुल, दयाळ दिवसभर येतात. फ्लॅश लावायच्या आधी नुसता स्टँड काही दिवस तिथे ठेवून द्यायचा म्हणजे त्यांना सवय होते. १/८ सेकंदाला पंख अगदीच विरून जातो, १/३० ला वर-खाली अशा दोन कडा दिसतात, १/१५ मला सगळ्यात बरा वाटतो पण ज्याने त्याने आपल्या डोळ्याने ठरवावं. पाऊस पडत असताना करायचं असेल तर फ्लॅश कॅमेऱ्यावर नकोच, भिंगासमोरचे सगळे थेंब पांढरे होऊन पेटतात. बाजूने मारला तर तेच थेंब सुंदर येतात, काही गोठलेले, काही रेघा झालेले. बुलबुल पावसात पंख झाडतो तेव्हाचा असा फोटो काढून बघा, त्यासाठी कुठलाही दुर्मिळ पक्षी लागत नाही.

तुमच्याकडे माझी मागणी एवढीच आहे की पक्ष्याच्या प्रत्येक फोटोखाली एक ओळ वाढवा. त्या रविवारी नुसतं 'स्वर्गीय नर्तक' आणि फोटोग्राफरचं नाव होतं. त्याऐवजी 'स्वर्गीय नर्तक, नर, पाणवठ्यावर, १/१५ सेकंद, एक फ्लॅश' असं असतं तर बुधवारची दोन्ही पत्रं आलीच नसती. फोटो पाठवणाऱ्याला आधीच विचारा की फ्लॅश होता का, जागा कुठली, पाणी, खाणं की घरटं, आणि घरटं असेल किंवा उत्तरच देत नसेल तर फोटो कितीही सुंदर असला तरी परत पाठवा. तुमच्या पुरवणीच्या वार्षिक फोटो स्पर्धेच्या नियमांतही हे घाला. त्यात सध्या पिक्सेल किती हवेत ते आहे, वॉटरमार्क नको ते आहे, घरट्याबद्दल एक शब्द नाही.

जूनपासून तिबोटी खंड्याचे फोटो तुमच्याकडे यायला लागतील. नियम त्याच्या आधी छापून आला तर त्या बोगद्यांसमोर ह्या वर्षी तरी थोडे कमी स्टँड लागतील.

आपली,
एक नियमित वाचक, बदलापूर